जगदीशरावांची नशारहित बीअर

परळच्या हरिहर निवास नामक तीनमजली चाळीच्या जिन्यावरून एका रविवारी सकाळी दहा वाजता श्री. जगदीश गमरे यांनी बीअरच्या बेचाळीस रिकाम्या बाटल्या दोन गोणत्यांत भरून वर नेल्या, आणि त्या प्रवासात त्यांची साठ वर्षांची अब्रू पायरीपायरीला किणकिणली. काचेच्या वस्तूचा एक मोठा दोष असा की, तिला गुपित राखता येत नाही. पहिल्या मजल्यावर मेथी निवडत बसलेल्या बायकांची बोटे थांबली. दुसऱ्या मजल्यावर रेडिओ बारीक झाला. तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे जेथे गमरे कुटुंब राहते तेथे, शेजारी अजित पेडणेकर दात घासत कठड्याला टेकून उभाच होता. अजित विमानतळावर प्रवाशांच्या सामानाची तपासणी करतो. त्यामुळे कोणाचेही ओझे पाहिले की आत काय आहे, हे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"काका, एवढ्या एकट्याने संपवल्या?"

"भंगारवाल्याकडून रिकाम्याच आणल्या आहेत."

"सगळे असंच म्हणतात," अजित म्हणाला आणि चूळ भरली.

ज्या गृहस्थाने आयुष्यात ताकापेक्षा आंबट द्रव्य ओठांना लावले नाही, ज्याने रे रोडच्या वजनकाटे दुरुस्तीच्या कारखान्यात चौतीस वर्षे एका ग्रॅमचीही लबाडी खपवून घेतली नाही, त्याला हे ऐकावे लागले. जगदीशरावांनी गोणत्या सावकाश खाली ठेवल्या. सत्य ज्याच्या बाजूला असते त्याने घाई करू नये, अशी त्यांची समजूत होती. शिवाय त्यांना धापही लागली होती.

आता हे संकट त्यांनी का ओढवून घेतले, ते सांगणे प्राप्त आहे.

जगदीशरावांची कन्या नम्रता आणि प्रभादेवीच्या मिस्किटा कुटुंबातील ॲरन हे दोघे एकाच वास्तुविशारदाच्या कचेरीत घरांचे नकाशे काढतात. नकाशे काढता काढता त्यांनी स्वतःच्या घराचाही बेत केला. गमरे बौद्ध, मिस्किटा ख्रिस्ती. परंतु दोन्ही घरांनी समंजसपणा दाखवला आणि साखरपुडा गमऱ्यांच्या चाळीत करण्याचे ठरले. प्रथम बुद्धवंदना, मग अंगठ्या, मग मिस्किटांच्या रीतीप्रमाणे टोस्ट, मग जेवण. टोस्ट म्हणजे वडीलधाऱ्याने प्याला उंचावून जोडप्याविषयी चार चांगले शब्द बोलावेत आणि सर्वांनी एकदम घोट घ्यावा, असा विधी. ॲरनचे वडील कास्मीर हे गोदीतून निवृत्त झालेले, भारदस्त आवाजाचे गृहस्थ. नात्यातला एकही टोस्ट त्यांनी गेली तीस वर्षे दुसऱ्या कोणाला म्हणू दिलेला नव्हता.

"वाईन नको तर नको, गमरेसाहेब," कास्मीर म्हणाले होते. "तुमचा नियम आमाला मान्य. पण सरबत हातात धरून टोस्ट कसा बोलू? लोकांना वाटेल, पोरीला जुलाब झालेत म्हणून लिंबूपाणी चाललंय."

"कोल्ड्रिंक?"

"ते बड्डेला."

तेव्हा त्यांच्या पत्नी फ्लोरीबाई म्हणाल्या, "माझी मम्मी आल्याची बीअर करायची घरात. बायकापोरांसाठीच असायची ती. मस्त फेस येतो, घशाला झोंबते, आणि नशाबिशा काय नाय."

हे ऐकताच जगदीशराव म्हणाले, "मी करतो." मनुष्य निवृत्त झाला की त्याच्या हातांना काम हवे असते, आणि मुलीच्या सासरी आपले काहीतरी असावे अशीही इच्छा असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तो कोणत्या थरास जाईल, हे सांगता येत नाही.

खरी अडचण कॉटन ग्रीनला होती. तेथे जगदीशरावांची थोरली बहीण शांताताई राहते. त्यांच्या वडिलांना दारूने लवकर नेले. त्यानंतर चौदा वर्षांच्या शांताताईने धाकट्या भावाला वाढवले, शिकवता आले तितके शिकवले, आणि स्वतःचे लग्नही त्याची नोकरी पक्की होईपर्यंत लांबवले. गमऱ्यांच्या घरातील प्रत्येक मंगलप्रसंगी वंदना ती म्हणते. तिच्यामागून सारे पंचशील म्हणतात, आणि पाचव्या शिलाला, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याच्या शिलाला, तिचा आवाज किंचित चढतो. तो का चढतो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

"बीअर?" शांताताई म्हणाली.

"आल्याची."

"आल्याची असो नाहीतर बटाट्याची. मी पाचवं शील म्हणायचं, आणि माझं म्हणून होतंय तोवर तू माणसांच्या हातात बाटल्या द्यायच्या?"

"ताई, नशेचा एक थेंब त्यात नसेल. शब्द देतो."

"तुझा शब्द म्हणून येते, जगू. पण त्यात काही निघालं ना, तर मी वंदना म्हणेन, पोरीच्या डोक्यावर हात ठेवेन आणि जिना उतरेन. जेवायला थांबणार नाही. आणि परत तुझ्या दारात येणार नाही."

शांताताई जे बोलते ते करते. सख्ख्या चुलतभावाच्या घरी तिने या एकाच कारणावरून सव्वीस वर्षे पाऊल टाकलेले नाही. म्हणजे जगदीशरावांनी त्या बेचाळीस बाटल्यांत केवळ पेय भरावयाचे नव्हते. ज्या बहिणीने त्यांना आईसारखे सांभाळले, तिचे येणेजाणे त्यांनी त्या बाटल्यांवर लावले होते.

म्हणून त्यांनी ठरवले की, आपण केवळ बीअर करावयाची नाही. त्यात नशा नसल्याचा सरकारी दाखलाही शांताताईच्या हातात ठेवावयाचा. सोमवारी ते दारूचे परवाने देणाऱ्या कार्यालयात गेले. कोणते कार्यालय आणि कोठले, ते सांगण्याचे कारण नाही. तेथील मंडळी सभ्य होती आणि पंखा चालू होता.

"काय बनवता?" टेबलावरील गृहस्थांनी विचारले.

"आल्याची बीअर."

"परवाना?"

"तिच्यात दारू नाही."

"मग इथे कशाला आलात?"

"तसे आपण लिहून द्यावे, म्हणून."

गृहस्थांनी चष्मा काढला. "हे बघा, आम्ही असलेल्या दारूचा कागद देतो. नसलेल्या दारूचा देत नाही. नसलेली दारू तर सगळ्या मुंबईत आहे. मी किती कागद देऊ?"

हा युक्तिवाद जगदीशरावांना बिनतोड वाटला. तरीही ते दुसऱ्या टेबलाकडे गेले. तेथील बाईंनी सांगितले की, नमुना तपासता येईल. मात्र नमुन्यासोबतच्या अर्जात 'जप्त केलेल्या मद्याचा प्रकार' हा रकाना भरावा लागेल.

"परंतु ते मद्य नाही आणि जप्तही झालेले नाही."

"मग आधी जप्त होऊ दे," बाई सहानुभूतीने म्हणाल्या.

खाद्यपदार्थांच्या एका खासगी प्रयोगशाळेत त्यांना लेबल, नमुना क्रमांक आणि व्यवसायाचे नाव विचारण्यात आले. जगदीशरावांनी घरी येऊन त्याच संध्याकाळी आपल्या वळणदार अक्षरांत बेचाळीस लेबले लिहिली: 'आल्याचे पेय. नशारहित. नमुना क्र. १.' लेबले घेऊन गेल्यावर कळले की, अहवाल यायला तीन आठवडे लागतात. साखरपुडा बारा दिवसांवर होता.

"अहो, आता तरी सरबत करा," पत्नी राधाबाई म्हणाल्या.

"लेबले लिहून झाली आहेत," जगदीशराव म्हणाले. ज्यांना या उत्तरात हट्ट दिसेल त्यांनी बेचाळीस लेबले एकाच अक्षरात लिहून पाहावीत.

फ्लोरीबाईंची कृती त्यांनी फोनवरून उतरवून घेतली. आले किती? "पुरेल एवढं." साखर? "गोड लागेपर्यंत." लिंबे? "लिंबं कशी आहेत त्याच्यावर." बेकरीतले पाव फुगवायचे यीस्ट? "चिमूटभर. मोठी चिमूट." आणि ठेवायचे किती? "दोन दिवस. त्याच्या वर नको हां, गमरेसाहेब." जगदीशरावांनी ही सर्व उत्तरे वहीत लिहिली आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढले. ज्याला माप नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. चौतीस वर्षे त्यांनी पाहिले होते की, अंदाजाने बोलणारा दुकानदार आणि अंदाजाने तोलणारा दुकानदार हा बहुधा एकच असतो.

साखरपुड्याच्या आदल्या रविवारी त्यांनी सत्तावीस लिटर पाणी, किसलेले आले, लिंबाचा रस आणि साखर उकळून, निववून, यीस्ट घालून स्टीलच्या पिंपात भरले. पिंप खिडकीखाली ठेवले. मग प्रश्न असा उभा राहिला की, आत जे चालले आहे ते योग्य आहे की नाही, हे कशाने मोजावे? वजनकाटा येथे निरुपयोगी होता. तेव्हा त्यांना कोंडीरामची आठवण झाली.

कोंडीरामची लालबागला दुधाची डेअरी आहे. त्याच्याकडे दुधात पाणी आहे की नाही, हे सांगणारी काचेची नळी असते. तिला लॅक्टोमीटर म्हणतात. ही नळी द्रवात सोडायची, ती तरंगते. खालची खूण 'दूध', वरची खूण 'पाणी', आणि मध्ये तीन रेघा. द्रव जितका दाट, तितकी नळी वर राहते. पातळ झाला की ती बुडते आणि दुधवाल्याची लबाडी उघडी पडते. जगदीशराव त्या नळीवर पाहताक्षणी लुब्ध झाले. इतके प्रामाणिक यंत्र त्यांच्या कारखान्यातही नव्हते.

रविवारी संध्याकाळी कोंडीरामने स्वतः येऊन नळी पिंपात सोडली. ती नेमकी 'दूध' या खुणेवर थांबली.

"शंभर टक्के," कोंडीराम भारावून म्हणाला. "गमरेसाहेब, म्हशीचंसुद्धा असं येत नाही आजकाल."

जगदीशरावांनी वहीत लिहिले: 'रविवार. शुद्ध.' नळी त्यांनी आठवडाभर ठेवून घेतली.

मंगळवारी नळी एका रेघेने बुडाली. कोंडीरामला फोन केला.

"एक रेघ? म्हणजे पाव हिस्सा पाणी. कोणीतरी घातलंय, साहेब. मी यात बावीस वर्षं काढली. नळी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

आता पाणी कोण घालील? हरिहर निवासात दारे दिवसभर उघडी असतात. कोणीही येतो, पिंपाचे झाकण उचलतो, वास घेतो, मत देतो आणि जातो. अजितने तर 'आतून आवाज येतोय, मागे व्हा' असे म्हणून दोन वेळा सर्वांना गॅलरीत काढले होते. जगदीशरावांनी पिंपाला साखळी घालून कुलूप लावले, आणि गेलेला दाटपणा भरून काढण्यासाठी अर्धा किलो साखर विरघळवून घातली. नळी पुन्हा 'दूध' खुणेवर आली. त्यांचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी कुलूप शाबूत होते आणि नळी पुन्हा एक रेघ खाली होती.

किल्ली दोघांकडेच होती. जगदीशरावांनी अत्यंत सभ्य शब्दांत विषय काढला. "राधा, माझा कोणावर आरोप नाही. परंतु पिंपात पाणी वाढत आहे."

राधाबाईंनी हातातले लाटणे खाली ठेवले. हे चांगले लक्षण नव्हे. "पाणी? मी घालीन? नळाला सकाळी चाळीस मिनिटं पाणी येतं. त्यात धुणं, भांडी, प्यायचं, आणि तुमच्या त्या बेचाळीस बाटल्या मी तीन दिवस विसळतेय. माझ्याकडे एवढं पाणी जास्त झालंय, की मी ते कुलूप उघडून तुमच्या पिंपात ओतू? कुणासाठी, तुमच्या व्याह्यांसाठी?"

"मी फक्त विचारले."

"त्या नळीला विचारा. तिच्याशीच बोलता ना दिवसभर!"

त्या दिवशी जगदीशरावांना आमटीत मीठ सापडले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही. अर्धा किलो साखर मात्र घातली. शुक्रवारी पुन्हा तेच झाले आणि पुन्हा अर्धा किलो. फ्लोरीबाईंनी दोन दिवस सांगितले होते, हे त्यांच्या ध्यानात होते. परंतु काटा स्थिर झाल्याशिवाय वजन घ्यावयाचे नाही, हे कारखान्यातील पहिले शिक्षण. ते एका फोनवरच्या चिमटीसाठी कसे मोडावे? शनिवारी सकाळी नळीने एक तासात दोनदा 'दूध' अशीच साक्ष दिली. काटा स्थिर झाला. जगदीशरावांनी बाटल्या भरल्या, लालबागच्या एका जुन्या सोडावाल्याकडून आणलेल्या हातयंत्राने बेचाळीस पत्र्याची झाकणे ठोकली, बेचाळीस लेबले चिकटवली आणि बाटल्या बर्फाच्या टबांत उभ्या केल्या. ते दृश्य पाहून त्यांना आपली चौतीस वर्षे सार्थकी लागल्यासारखी वाटली. राधाबाईंनीही येऊन एका लेबलावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आलंय." म्हणजे तह झाला.

रविवारी सकाळी साडेआठ वाजता ॲरनची बहीण ॲलिसन बाटल्यांच्या गळ्याला फिती बांधायला आली. ही मुलगी एका औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. फिती बांधता बांधता तिने पहिली बाटली चाखण्यासाठी उघडली. झाकण उडाले, त्यामागून पेय उडाले, आणि अर्धी बाटली जगदीशरावांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर आली. उरलेली ॲलिसनने पेल्यात ओतली, एक घोट घेतला, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"अंकल, मस्त आहे. पण यात साखर कधी कधी घातली?"

जगदीशरावांनी अभिमानाने वही पुढे केली. प्रत्येक दिवसाची नोंद होती, वेळेसकट. ॲलिसनने ती वाचली. मग फोनवर काही आकडेमोड केली. मग पुन्हा वाचली.

"अंकल, पाणी कोणी घातलं नव्हतं."

"नळी बुडत होती."

"हो, कारण साखर जात होती. यीस्ट साखर खातं आणि तिची दारू करतं. दारू पाण्याहून हलकी असते, म्हणून नळी आणखी बुडते. तुम्ही परत साखर घातली, त्याने ती पण खाल्ली. असं तीन वेळा." आपण एका सज्जन माणसाला काय सांगत आहोत, हे तिला कळत होते. "साडेतीन टक्के तरी असेल. म्हणजे... बाजारातल्या बीअरच्या जवळपास."

जगदीशराव टबाकडे पाहत राहिले. टबातून बेचाळीसपैकी एक्केचाळीस बाटल्या त्यांच्याच अक्षरांत त्यांना सांगत होत्या: नशारहित.

"कुणाला सांगू नका," राधाबाई हळूच म्हणाल्या. "सरबत करू. बाटल्या माळ्यावर टाकू. वन्संना काय कळतंय?"

गॅलरीतून अजितने सर्व ऐकले होते, हे सांगायला नकोच. "काका, टेन्शन नको. साडेतीन म्हणजे काहीच नाही. विमानात याच्यापेक्षा जास्त घेऊन लोक बसतात."

खरेच, कोणाला कळले असते? पुरावा एका वहीत होता, आणि वही जगदीशरावांची होती. ती फाडायला एक क्षण पुरे होता. परंतु जो मनुष्य ग्रॅमची लबाडी सहन करीत नाही, त्याने टक्क्यांची कशी करावी? आणि जिन्यात काठीचा आवाज येऊ लागला होता. शांताताई तिसऱ्या मजल्यावर एका दमात चढत नाही. दर मजल्याला थांबते. त्या तीन थांब्यांत जगदीशरावांचे वय वाढले.

ती आली. पांढरे लुगडे, खांद्यावर पिशवी. जगदीशरावांनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या देण्याऐवजी वही दिली.

"ताई, माझं माप चुकलं."

"कशाचं?"

"त्याच्यात दारू झालीय. मी केली नाही, पण झाली. साडेतीन टक्के. सगळं लिहिलंय त्यात."

चाळीतील सर्व दारे उघडी असतात, हे वर सांगितलेच आहे. त्या क्षणी ती जरा जास्त उघडी झाली. शांताताईने वही उघडली नाही. ती टबाजवळ गेली, वाकली, एक बाटली उचलली आणि लेबल वाचले. मग भावाच्या ओल्या, आल्याच्या वासाच्या सदऱ्याकडे पाहिले.

"तू प्यायलास?"

"नाही. अंगावर उडाली."

"तुला कधी कळलं?"

"आत्ता. अर्धा तास झाला."

"आणि आता काय करणार होतास?"

"मोरीत ओततो सगळ्या. वंदना झाली की तू जायचं म्हणालीस तर मी अडवणार नाही. माझा शब्द गेला."

शांताताई खुर्चीवर बसली. राधाबाई पदराचे टोक पिळत होत्या. मग शांताताई म्हणाली, "आलं किती घातलंस?"

"दोन किलो."

"दोन किलो आलं आणि एवढी साखर मोरीत ओतणार? कुठे शिकलास हे?" ती ॲलिसनकडे वळली. "मुली, तू शिकलेली दिसतेस. ही दारू घालवायची कशी?"

"उकळून, आजी," ॲलिसन म्हणाली. "पाण्याच्या आधी दारू उडून जाते. झाकण न ठेवता चांगलं तासभर उकळलं, आटवलं, तर जवळजवळ सगळी जाते."

"जवळजवळ?"

ॲलिसन खोटे बोलली नाही. "पावात राहते तेवढी राहील."

"पाव मी रोज खाते," शांताताई म्हणाली. "जगू, उघड सगळ्या."

पुढील अर्धा तास हरिहर निवासाच्या तिसऱ्या मजल्याने जे पाहिले, ते त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. आंबेडकर जयंतीच्या भोजनाचे मोठे पातेले खालून वर आणण्यात आले आणि गॅलरीत शेगडीवर चढवण्यात आले. अजितच्या आयुष्यात प्रथमच त्याच्या विद्येचा लोकांना खरा उपयोग झाला. हातांत जाड मोजे घालून, स्कूटरचे हेल्मेट चढवून तो ओरडत होता, "एका वेळी एकच बाटली! बाकीच्यांनी पिवळ्या दोरीच्या मागे!" पिवळी दोरी म्हणजे राधाबाईंची कपडे वाळत घालायची. तरी प्रत्येक झाकणासरशी एक कारंजे उडे. एक कारंजे खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या पापडांवर गेले, आणि दोन थेट छताला. जगदीशराव बाटली उलटी धरून ओतीत होते. शेवटी त्यांनी सवयीने नळी उचलली आणि उकळत्या पातेल्यात सोडू लागले. काच तडकली. शांताताईने तिचे तुकडे कागदात गुंडाळले आणि म्हणाली, "बरं झालं. मघापासून ती तुझ्या हातात बघून माझं डोकं उठलं होतं."

अकराच्या सुमारास मिस्किटा मंडळी आली. पातेल्यातून वाफांचे लोट निघत होते आणि सारा मजला आल्याच्या वासाने भरला होता. जगदीशरावांनी कास्मीरना सर्व वृत्तांत, काहीही न लपवता, सांगितला. कास्मीर पातेल्याशी गेले, टोपी काढली आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

"साडेतीन टक्के," ते हळहळले. "पहिल्याच खेपेला. फ्लोरी, हे बघ, सगळं स्वर्गात चाललंय."

"तुम्ही पण तिथेच उभे राहिलात तर जाल," फ्लोरीबाई म्हणाल्या. "चला मागे."

खाली अंगणात मांडव होता. शांताताईने वंदना सुरू केली. शंभरेक माणसे तिच्यामागून म्हणत होती. पाचवे शील आले, आणि जगदीशराव म्हणायचे थांबले. आपल्या तोंडून ते शब्द आज निघणे योग्य नव्हे, असे त्यांना मनापासून वाटले. शांताताईने ते ऐकले. म्हणजे जे ऐकू आले नाही ते ऐकले. एरवी ती एकेक शील एकदाच म्हणते. त्या दिवशी पाचवे तिने पुन्हा पहिल्यापासून घेतले, सावकाश, भावाकडे पाहत, पूर्वी त्याला पाढे शिकवताना पाही तसे. या वेळी जगदीशराव तिच्याबरोबर म्हणाले.

अंगठ्या झाल्या. मग तिसऱ्या मजल्यावरून पातेले दोरांनी बांधून चौघांनी उतरवले. सत्तावीस लिटरचे चौदा उरले होते. दाट, तपकिरी, जिभेला चटका देणारे. काचेचे प्याले तडकतील म्हणून चहाचे कप वाटण्यात आले. कास्मीर उभे राहिले. त्यांचा टोस्ट साधारणपणे पंचवीस मिनिटे चालतो. परंतु हातात वाफाळता, कान तुटलेला कप घेऊन पंचवीस मिनिटे बोलता येत नाही. ते या हातातला कप त्या हातात घेत म्हणाले, "नम्रता आणि ॲरन... देव तुमचं... आई ग... देव तुमचं भलं करो! प्या, प्या लवकर!" मिस्किटांच्या नातेवाइकांनी नंतर एकमताने सांगितले की, कास्मीरचा इतका सुंदर टोस्ट त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

सर्वांनी कप उंचावले. परंतु कोणी ओठांना लावला नाही. गमऱ्यांच्या बाजूचे सारे शांताताईकडे पाहत होते. जिन्याची बातमी मांडवात केव्हाच उतरली होती.

शांताताईने कपावर फुंकर घातली आणि पहिला घोट तिने घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आल्यामुळे आले असावे, दोन किलो होते. तिने कप रिकामा केला आणि जवळचे ओगराळे उचलून स्वतःच वाढू लागली. ती जेवायला थांबली की नाही, हा प्रश्न मग कोणी विचारलाच नाही. वाढणारा माणूस जातो कुठे?

एवढ्यात कॉटन ग्रीनहून तिच्या शेजारच्या दीपिकाबाई उशिराने मांडवात शिरल्या. त्यांना मधले काहीच ठाऊक नव्हते. शांताताईने त्यांच्या हातात कप दिला.

"काय हे, काढा का?" दीपिकाबाईंनी वास घेत विचारले.

जगदीशराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ते ओशाळून 'हो' म्हणण्याच्या बेतात होते.

"काढा नव्हे," शांताताई साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बीअर आहे. माझ्या भावाने केलेली. गरम आहे तोवर घे."